शाळेतला स्पॅनिशचा तास: सातवीतल्या पोराच्या आईचं मत

माझा मुलगा नागपुरात सातवीत आहे. शाळेत यंदा जादा विषय म्हणून स्पॅनिश घेतलं. आठवड्याला दोन तास, पस्तीस-पस्तीस मिनिटांचे. शिकवायला बाहेरच्या संस्थेच्या मॅडम येतात. वर्षाची फी 4,800 रुपये, पुस्तकाचे 650 वेगळे. शाळेचं नाव लिहीत नाही, पोरगं अजून तिथंच शिकून राहिलं आहे.

प्रतापनगरला घरातच माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. संध्याकाळी मी मशीनवर आणि तो बाजूला कापडाच्या गठ्ठ्यावर, असं आमचं पाठांतर चालतं. त्यामुळे निम्मं स्पॅनिश माझंही झालं. 'कामीसा' म्हणजे सदरा, हे तर मला कुणी सांगावंच लागलं नाही.

डिसेंबरात पालकांना मागच्या बाकांवर बसून तास बघू दिला. मॅडमनी पिशवीतून संत्रं काढलं. "के एस एस्तो?" हे काय आहे? चाळीस पोट्टे ओरडले, "एस ऊना नारंजा!" मॅडमनी लगेच सुधारलं: नारांखा, आणि तो ख घशातून, खाकरल्यासारखा. मग एकेकाला उभं केलं. नीट बोलला की हातावर एक फोड. तास संपेस्तोवर चार संत्री संपली, पण न बोलता कुणी खाली बसला नाही. आमच्या काळी इंग्रजीच्या तासाला अख्खं वर्ष तोंड न उघडता काढता यायचं.

फक्त एक राहून गेलं. हा शब्द मूळचा आपल्याकडचा. संस्कृतातला नारंग फारसीत गेला, अरबीत नारंज झाला आणि तिथून स्पेनात उतरला. संत्र्यांच्या गावात हे नाही सांगायचं तर कुठं सांगायचं?

माझी खरी तक्रार हीच आहे. वर्गात सगळं इंग्रजीतून चालतं, आणि जिथं अडायचं कारण नाही तिथं पोरं अडतात. गृहपाठात 'मला संत्री आवडतात' हे इंग्रजी वाक्य होतं. ह्यानं शब्दाला शब्द लावून 'यो गुस्तो नारांखास' लिहिलं. लाल फुली. खाली बरोबर उत्तर: 'मे गुस्तान लास नारांखास'. पुस्तकात यावर अर्धं पान नियम आहे, तो वाचून पोरगं रडकुंडीला आलं. मी मशीन थांबवली. म्हटलं, हेच मराठीत बोल. 'मला संत्री आवडतात.' बरं, 'मे' म्हणजे मला. संत्रं एक असेल तर गुस्ता, आवडतं. जास्त असतील तर गुस्तान, आवडतात. क्रियापद संत्र्याकडे बघून बदलतं, तुझ्याकडे नाही. दोन मिनिटांत गाडी रुळावर.

उच्चारांचंही तसंच. पुस्तक इंग्रजी वळणाचे उच्चार देतं, म्हणून पोरं 'टेंगो', 'डोस' म्हणतात. स्पॅनिशमधले त आणि द आपल्यासारखेच दातांवरचे: तेंगो, दोस. तू आणि उस्तेद यांतला फरक समजावायला पुस्तकानं एक परिच्छेद खर्ची घातला आहे. आमच्या घरी तो प्रश्नच आला नाही. मित्राला तू, त्याच्या आजोबांना तुम्ही, संपलं.

लिंगांपाशी मात्र मराठीही पुरत नाही. तिकडे नामांना दोनच लिंगं. खुर्ची तिकडेही ती, सूर्य तिकडेही तो. पण पुस्तक तो, घर ती, आणि चंद्रही ती. "म्हणजे चांदोमामाची चांदोमावशी झाली काय?" असं ह्यानं वर्गात विचारलं. मॅडमही हसल्या म्हणे.

सहामाहीचा पेपर मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. 'मी बारा वर्षांचा आहे' याला स्पॅनिशमध्ये 'तेंगो दोसे आन्योस' म्हणतात. आन्योसमधल्या न्य साठी एन या अक्षरावर एक नागमोडी रेघ असते. ती छपाईत गळली आणि राहिलं 'आनोस'. त्याचा अर्थ मी इथं लिहीत नाही. मूळव्याधीच्या डॉक्टरांकडे जाऊन आलेल्यांनी ओळखावं. चाळीस पोरांनी ते पेपरवरून जसंच्या तसं उत्तरपत्रिकेत उतरवलं. मी डायरीत चिठ्ठी लिहिली, उत्तर आलं, 'नोंद घेतली आहे'. पुढच्या चाचणीत रेघ पुन्हा गायब. 650 रुपयांच्या पुस्तकात आहे ती रेघ, पेपर टाइप करणाऱ्यानं एकदा उघडून तरी बघावं.

आणि पेपर वीस गुणांचा, सगळा लेखी. तोंडीला शून्य. मग त्या संत्र्यांच्या तासाचा हिशेब कुठं धरायचा?

माझ्याकडून पाचपैकी साडेतीन, त्यातले तीन निव्वळ मॅडमचे. आठवीसाठी फॉर्म भरला आहे. पुढच्या वर्षी सातवीत येणाऱ्यांनी पुस्तक नवीन घेण्याआधी मला विचारा. आमचं तसंच पडलं आहे. उत्तरं पेन्सिलीनं आहेत, खोडता येतील. समासात मी मराठी लिहून ठेवलं आहे, ते तेवढं खोडू नका.