थॅलेसेमियासाठी जीन थेरपी: कुठला व्हेक्टर, किती धोका

गोव्यात बांबोळीच्या रुग्णालयात दर दोन-चार आठवड्यांनी मुलाला रक्त चढवायला नेणाऱ्या आईबाबांची जीन थेरपीबद्दल पहिली भीती असते, विषाणू अंगात वाढला तर? ती बरीचशी बाजूला ठेवता येते. व्हेक्टर म्हणजे नवे जनुक पेशीत नेणारा, विषाणूपासून बनवलेला वाहक. त्यातून विषाणूला वाढवणारी जनुके काढलेली असतात आणि वाढणारा विषाणू उरला नाही ना, हे तपासले जाते. खरा धोका वेगळा आहे: नवे जनुक रंगसूत्रात कुठे बसले आणि सोबत कसला प्रमोटर, म्हणजे जनुक चालू करणारे बटण, घेऊन आले.

जुना गॅमारेट्रोव्हायरल व्हेक्टर सुचवला गेला तर सरळ नाही म्हणा. पॅरिस व लंडनच्या एससीआयडी-एक्स१ (जन्मजात प्रतिकारशक्ती नसण्याचा आजार) चाचण्यांत २० मुलांपैकी ५ जणांना ल्युकेमिया झाला. बहुतेकांत व्हेक्टर एलएमओ२ या जनुकाजवळ बसला आणि व्हेक्टरच्या टोकांतल्या जोरकस एन्हान्सरने, म्हणजे जनुकाचा जोर वाढवणाऱ्या तुकड्याने, ते जनुक जागे केले.

एचआयव्हीपासून बनवलेल्या लेंटिव्हायरल व्हेक्टरमध्ये ही टोके छाटलेली असतात. पण 'लेंटी आहे, म्हणजे सुरक्षित' हे उत्तर अपुरे आहे. मेंदूच्या एएलडी आजारावरच्या स्कायसोना या लेंटी जीन थेरपीत विषाणूतून घेतलेला, सगळ्या रक्तपेशींत चालणारा एमएनडीयू३ प्रमोटर आहे. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आकड्यांनुसार चाचण्यांतल्या ६७ पैकी ७ रुग्णांना रक्ताचा कर्करोग झाला. थॅलेसेमियाच्या झिंटेग्लो या जीन थेरपीत बीटा-ग्लोबिनचा (हिमोग्लोबिनच्या एका घटकाचा) प्रमोटर फक्त तांबड्या पेशींच्या वाटेवर चालतो. त्याच्या चाचण्यांत व्हेक्टरमुळे कर्करोग आढळला नाही. दोन्ही लेंटीच, म्हणून प्रमोटरचे नाव विचारल्याशिवाय सही करू नका.

थॅलेसेमियाच्याच कॅसजेव्ही या दुसऱ्या उपचारात विषाणू नसतो. विजेच्या धक्क्याने क्रिस्पर, म्हणजे जनुकांची कात्री, पेशीत सोडून गर्भातले हिमोग्लोबिन बंद ठेवणाऱ्या बीसीएल११ए जनुकाचा एन्हान्सर कापतात. जनुक भलत्या जागी बसण्याची चिंता मिटते, चुकीच्या जागी काप पडण्याची उरते.

लेंटी असो वा क्रिस्पर, दोन्हींत बुसल्फान, म्हणजे नव्या पेशींसाठी अस्थिमज्जा रिकामी करणारे केमो औषध, चुकत नाही. तोंड सोलवटणे, जंतुसंसर्ग, यकृताला त्रास आणि वंध्यत्व हे धोके त्याचे. नजीकच्या महिन्यांत तेच मोठे. शुक्राणू किंवा स्त्रीबीज जतन करायचे तर ते आधीच, वयात न आलेल्या मुलांत हे अवघडच. सख्ख्या भावंडाचा एचएलए (पेशींची ओळखखूण) पूर्ण जुळत असेल, तर आधी अस्थिमज्जा प्रत्यारोपणाचा विचार करा.

लेंटीच निवडत असाल, तर पेशीमागे व्हेक्टरच्या सरासरी किती प्रती, हे विचारा. ५ पेक्षा कमी असाव्यात असा सर्वसाधारण दंडक आहे. प्रती वाढल्या की घातक जागी बसण्याची संधीही वाढते. सहाव्या व बाराव्या महिन्यात जनुक कुठे कुठे बसले याची तपासणी हवी: एकाच पेशीचा वंश फोफावत असेल तर तिथे दिसतो. नंतर किमान १५ वर्षे दरवर्षी रक्तगणना. ती म्हापशात किंवा मडगावातही होते. जनुक कुठे बसले ही तपासणी मात्र उपचारकेंद्रानेच करायची, हे लेखी घ्या.

आणखी एक: लेंटिव्हायरल उपचारानंतर एचआयव्हीची पीसीआर चाचणी काही वेळा खोटी पॉझिटिव्ह येते. उपचाराचे कार्ड मुलाच्या पाकिटात कायम राहू द्या, आणि रक्तदान त्याने कधीच करायचे नाही.