फाइव्ह बरो बाइक टूर आणि पाऊस: पोंचो की रेनजॅकेट?

न्यूयॉर्कची ही सायकल फेरी मे महिन्याच्या पहिल्या रविवारी असते. शहराचे पाचही बरो (म्हणजे विभाग), ६४ किलोमीटर, हजारो सायकली. त्या दिवशी पाऊस लागला तर अंगावर काय घालायचं?

पोंचो म्हणजे डोक्यावरून घालायचा सैल, बिनबाह्यांचा रेनकोट. तो स्वस्त, आत हवा खेळते, हँडलवर पसरला की मांड्याही कोरड्या राहतात. पण गर्दीत त्याचं टोक शेजारच्याच्या हँडलात अडकू शकतं. शिवाय शेवटी स्टेटन आयलंड या बेटावर नेणारा व्हेराझानो पूल आहे! तिथला आडवा वारा पोंचोत भरला की सायकल बाजूला ढकलली जाते, तेही ओल्या रस्त्यावर.

जॅकेटमध्ये घाम येतो, मांड्या भिजतात. तरी मी जॅकेटच घेईन. स्टेटन आयलंडला फेरी संपल्यावर परतीच्या बोटीसाठी ओल्या अंगाने थांबावं लागतं, तेव्हा गारठा तेच अडवतं. पोंचो सुरुवातीच्या रांगेपुरता ठीक.