अडीचशे रुपयांचा मल्टिमीटर आणि जड सेल्फ घेणारी गाडी

पुण्याच्या तपकीर गल्लीतील एका दुकानातून अडीचशे रुपयांना घेतलेला पिवळा डिजिटल मल्टिमीटर (व्होल्टेज आणि करंट मोजणारा मीटर) गेली दोन वर्षे आमच्या गाडीच्या डिकीत आहे. ‘डीटी ८३०डी’ या एकाच नमुन्यावर अनेक उत्पादक जवळजवळ सारखे मीटर बनवतात, त्यामुळे पुढे लिहिलेले गुणदोष त्यातील बहुतेकांना लागू पडावेत. गाडी सुरू होत नसेल, तर दोष बॅटरीत आहे, केबलमध्ये आहे, सेल्फमध्ये (इंजिन फिरवून सुरू करणाऱ्या मोटरमध्ये) आहे की अल्टरनेटरमध्ये (इंजिन सुरू असताना बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्रात), हे घरच्या पार्किंगमध्ये ठरवता यावे एवढ्याच हेतूने मी तो घेतला, आणि त्या कामापुरतेच हे परीक्षण आहे.

मागच्या डिसेंबरात आमची पेट्रोलवरची छोटी गाडी सकाळी जड सेल्फ घेऊ लागली. गॅरेजमध्ये बॅटरी गेल्याचे सांगण्यात आले. नवी बॅटरी बसवल्यावर आठ दिवस बरे गेले आणि पुन्हा तीच तक्रार सुरू झाली, तेव्हा सेल्फ उतरवून दुरुस्त करण्याचा सल्ला मिळाला. तो खर्च करण्यापूर्वी मी मीटर बाहेर काढला.

डायल २० व्होल्ट डीसीवर ठेवून, रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर पहिले माप घेतले, ते १२.६२ आले. सहा सेलची पूर्ण चार्ज झालेली बॅटरी विश्रांतीनंतर १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते, १२.२ म्हणजे ती साधारण निम्मी रिकामी आहे, आणि आकडा १२ च्या खाली असेल तर आधी बॅटरी चार्ज करावी, कारण त्या अवस्थेत घेतलेल्या पुढच्या मापांना अर्थ राहत नाही. नंतर गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला आणि इंजिन सुरू होऊ नये म्हणून फ्यूएल पंपाचा फ्यूज काढलेला, अशा स्थितीत घरातल्या दुसऱ्या माणसाला सेल्फ मारायला सांगितले. येथे या मीटरची पहिली मर्यादा कळते. तो सेकंदाला दोन-तीनदाच आकडा बदलतो, त्यामुळे क्षणिक घसरण त्याला पकडता येत नाही आणि आकडा स्थिर होण्यासाठी चार-पाच सेकंद सेल्फ मारावा लागतो.

आकडा ११.३ वर थांबला. सेल्फ मारताना बॅटरी ९.६ च्या खाली गेली असती तर मी बॅटरीवर संशय घेतला असता. पण इथे सेल्फ रडतखडत फिरत होता आणि बॅटरीवर मात्र ताण दिसत नव्हता. याचा अर्थ, सेल्फला लागणारा करंट वाटेत कुठेतरी अडत असावा. हा करंट इंजिनच्या धातूतूनच बॅटरीकडे परततो, म्हणून मीटरची एक लीड (मोजायची वायर) बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर (क्लॅम्पवर नव्हे, थेट शिशाच्या खांबावर) आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर टेकवून पुन्हा सेल्फ मारायला सांगितले. या दोन जागांमध्ये ०.२ व्होल्टपेक्षा जास्त फरक असू नये, मीटरने १.४ दाखवले. बॉडीपासून गिअरबॉक्सला येणाऱ्या अर्थिंगच्या पट्टीचा बोल्ट काढला, तर वॉशरखाली हिरवट गंज साचलेला होता. बॅटरीची निगेटिव्ह केबल काढून ठेवून, पॉलिश पेपरने दोन्ही पृष्ठभाग घासून पट्टी पुन्हा आवळल्यावर फरक ०.१२ वर आला. मग बॅटरीवरचा आकडा सेल्फ मारताना १०.५ पर्यंत उतरू लागला, आणि ही चांगलीच खूण होती, कारण सेल्फला आता पुरेसा करंट मिळत होता. जुनी बॅटरी बदलण्याची बहुधा गरज नव्हती, ही बोच मला अजूनही आहे.

चार्जिंगची तपासणी त्या मानाने सोपी आहे. इंजिन सुरू असताना बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसावेत, आणि हेडलाइट व ब्लोअर लावल्यावरही आकडा १३.५ च्या वर राहावा. बॅटरीचा आकडा इंजिन सुरू करण्यापूर्वी होता तेवढाच राहिला, तर अल्टरनेटर चार्ज करत नाही. काही नव्या गाड्यांत संगणकच हा व्होल्टेज कमीजास्त करतो, त्यामुळे तिथे एका आकड्यावरून निर्णय घेऊ नये.

मीटरची सर्वांत मोठी उणीव मला याच तपासणीत भेटली. एका संध्याकाळी त्याने १५.६ व्होल्ट दाखवले आणि रेग्युलेटर (अल्टरनेटरचा व्होल्टेज आवरणारा भाग) गेला असे समजून मी धास्तावून गेलो. प्रत्यक्षात मीटरमधलाच ९ व्होल्टचा सेल उतरला होता, आणि तो उतरला की हे स्वस्त मीटर प्रत्यक्षापेक्षा जास्त आकडा दाखवतात. सेल बदलताच १४.२ दिसले. तेव्हापासून प्रत्येक तपासणीपूर्वी मी एक कोरा पेन्सिल सेल मोजून पाहतो. तो साधारण १.६ व्होल्ट दाखवतो.

दुसरी गंभीर बाब १० अँपिअरच्या सॉकेटची आहे. माझ्या मीटरमध्ये त्या सॉकेटला फ्यूज नाही. लाल लीड तिथे राहून गेली आणि दोन्ही टोके बॅटरीला लागली, तर ते थेट शॉर्टसर्किट होते. बंद गाडी रात्री किती करंट खाते हे मोजण्यासाठी हे सॉकेट लागते आणि आमच्या गाडीचे ०.०३ अँपिअर, म्हणजे ठीक, आले. पण मीटर तसा जोडलेला असताना सेल्फ कधीही मारू नये, कारण सेल्फ शंभर अँपिअरहून अधिक करंट ओढतो.

अल्टरनेटरचे डायोड (त्यातील एसीचा डीसी करणारे भाग) तपासायला मात्र हा मीटर निरुपयोगी आहे. त्याचा एसीचा सर्वांत लहान पट्टा २०० व्होल्टचा आहे, आणि त्या पट्ट्यावर बॅटरी मोजली तर काहीतरी भलताच आकडा येतो. ज्यांना तेवढ्या खोलात जायचे आहे, त्यांनी किमान-कमाल आकडा धरून ठेवणारा महाग मीटर घ्यावा. बॅटरीची खरी ताकदही केवळ व्होल्टेजवरून कळत नाही. त्यासाठी बॅटरीच्या दुकानात लोड टेस्ट (बॅटरीवर मोठा भार टाकून केलेली चाचणी) करून घ्यावी लागते.

मीटरसोबत येणाऱ्या लीड पातळ आणि ताठर असतात, माझी एक सहा महिन्यांतच मुळाशी तुटली. खरेदी करतानाच क्रोकोडाइल क्लिप लावलेली मऊ वायरची जोडी वेगळी घ्यावी, म्हणजे एक लीड निगेटिव्ह खांबाला पकडून ठेवता येते आणि फिरत्या बेल्टपासून हात लांब राहतात.