नऊ महिने रोव्हरसोबत: काळ्या मातीतल्या मोजणीचा वापरानंतरचा अनुभव

गेल्या ऑक्टोबरात, सोयाबीन निघाल्या निघाल्या, मी जीएनएसएस रोव्हर घेतला, म्हणजे उपग्रहांच्या लहरींवरून जागा मोजणारं, काठीवर बसवायचं यंत्र. जुनं टोटल स्टेशन (समोर धरलेल्या काचेच्या प्रिझमवर नेम धरून कोन आणि अंतर मोजणारं यंत्र) विकलं, उरलेल्या रकमेसाठी कर्ज काढलं. टॅब्लेट, काठी आणि बायपॉड (काठीला आधार देणारे दोन पाय) धरून पावणेचार लाख गेले. आता जून संपत आलाय, पेरण्या सुरू आहेत आणि ओल्या काळ्या मातीत कोणी मोजणीला बोलवत नाही. पूर्ण हंगामाचा वापर झाल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून आता लिहितोय. कंपनीचं नाव देत नाही. या वर्गातल्या यंत्रांची चाल जवळपास सारखीच असते, आणि मला जे सांगायचंय ते सगळ्यांनाच लागू आहे.

मी सिव्हिल डिप्लोमा केलेला खाजगी सर्व्हेअर. हिंगणघाट आणि समुद्रपूर तालुक्यांत फिरतो, कधी वर्धा नदी ओलांडून राळेगावकडे जातो. काम म्हणजे शेततळ्याची आखणी, ठिबकचा नकाशा, पांदण रस्त्याचं मोजमाप, ले-आउट आणि भावाभावांची तोंडी वाटणी कागदावर उतरवून देणं. एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. हद्द कायम करायचा अधिकार भूमि अभिलेख खात्याचा आहे. माझा नकाशा कितीही नेमका असला तरी त्याला ‘क’ प्रतीची, म्हणजे खात्याच्या अधिकृत मोजणी नकाशाची, जागा घेता येत नाही, आणि हे मी प्रत्येक शेतकऱ्याला काम घेण्याआधीच सांगतो.

आधी चांगलं. बारा एकरांचं वावर, तेवीस कोपरे, मधे कपाशी आणि कडेने डोक्याच्या वर गेलेली तूर. टोटल स्टेशनवर हे काम दोन माणसांचं आणि दीड दिवसाचं. एक यंत्रावर, दुसरा प्रिझम धरून, आणि तूर आड आली की यंत्र उचलून पुन्हा मांडायचं. रोव्हरने मी एकट्याने दोन तासांत संपवलं. एका बिंदूवरून दुसरा दिसण्याची गरज नाही, आभाळ दिसलं की झालं. ज्याने डिसेंबरात तुरीच्या रांगांतून प्रिझमची काठी वर धरून उभं राहायचं काम केलंय, त्यालाच हा फरक कळेल.

हे होतं कसं, ते थोडक्यात. उपग्रह वीस हजार किलोमीटरांवर आहेत. मोबाइलमधलं जीपीएस त्यांच्या संदेशातला सांकेतिक क्रम वाचतं, म्हणून तीन-चार मीटर इकडेतिकडे होतं. रोव्हर त्या संदेशाची लहरच मोजतो. जीपीएसच्या मुख्य लहरीची लांबी १९ सेंटीमीटर, आणि तिचा बारीक भागही त्याला वाचता येतो. मात्र उपग्रहापासून आपल्यापर्यंत अशा पूर्ण लहरी किती, हे त्याला सोडवून काढावं लागतं. त्यासाठी मदत करतात कॉर्स स्थानकं. ही कायम जागेवर बसवलेली, ज्यांचे अक्षांश-रेखांश पक्के माहीत आहेत अशी केंद्रं. भारतीय सर्वेक्षण विभागाने भूमि अभिलेख खात्याबरोबर आपल्या राज्यात अशी ७७ उभारली आहेत. त्यांची दुरुस्ती मोबाइल इंटरनेटवरून रोव्हरला मिळते, लहरींचा हिशोब जुळतो आणि स्क्रीनवर ‘फिक्स’ येतं. मोकळ्या वावरात मला दहा-पंधरा सेकंदांत फिक्स मिळतं आणि तोच बिंदू पुन्हा घेतला तर फरक दोन सेंटीमीटरांच्या आत राहतो. नऊ महिन्यांत हे शेकडो वेळा तपासलंय, यात शंका नाही.

आता जिथे घाम फुटला ते.

झाडाखाली फिक्सवर विश्वास ठेवू नका. विहिरीजवळच्या कडुनिंबाखाली कधी फिक्स येतच नाही, ते बरं. वाईट तेव्हा, जेव्हा येतं आणि खोटं असतं. पानांवरून, टिनाच्या छपरावरून उसळून आलेली लहर मोजली जाते, लहरींचा आकडा चुकतो आणि स्क्रीन मात्र हिरवी दाखवते. डिसेंबरात एका गोठ्याच्या कोपऱ्यावर मला असा बिंदू चाळीस सेंटीमीटर सरकून मिळाला होता. तेव्हापासून संशयाच्या जागी बिंदू घेतला की कनेक्शन तोडतो, वीस पावलं मोकळ्यात जातो, नव्याने फिक्स घेतो आणि परत येऊन तोच बिंदू पुन्हा मोजतो. दोन्ही जुळले तरच ठेवतो. अगदीच दाट झाड असेल तर मोकळ्यात दोन बिंदू घेऊन टेपने कोपरा काढतो. तीस मीटरची टेप मी अजूनही गाडीतून काढलेली नाही.

दुसरी अडचण रेंजची. नाल्याच्या काठी आणि नदीकडच्या खोलगट शिवारात नेट जातं, नेट गेलं की दुरुस्ती गेली. मी दोन कंपन्यांची सिम ठेवतो. तरीही तीन गावांत दोन्ही चालत नाहीत. तिथे मित्राचा दुसरा रिसिव्हर बेस म्हणून, म्हणजे कॉर्सऐवजी दुरुस्ती पाठवणारं आपलंच केंद्र म्हणून, मांडून रेडिओवर काम केलं, आणि माझी सगळ्यात मोठी चूक तिथेच झाली. पहिल्या दिवशी बेस मांडला आणि त्याने स्वतःहून जी जागा दाखवली तीच खरी धरली. दुसऱ्या दिवशी बेस पुन्हा मांडला, पुन्हा तेच केलं. घरी दोन दिवसांचे बिंदू एकत्र केले तर अर्धी पांदण दुसऱ्या अर्धीपासून दीड मीटर सरकलेली. प्रत्येक दिवसाचं काम आपापल्या जागी दोन सेंटीमीटर नेमकं, आणि दोन्ही मिळून चूक. शेतकऱ्याची माफी मागून पूर्ण काम स्वखर्चाने पुन्हा केलं. आता कोणत्याही वावरात पोचलो की आधी एक पक्की, न हलणारी जागा घेतो, बहुतेक विहिरीच्या ओट्याचा कोपरा. काम सुरू करताना, दुपारी आणि निघताना तिथे काठी टेकवतो. तीन आकडे जुळल्याशिवाय गाडीला चावी लावत नाही.

दुपारचं आणि संध्याकाळचंही पाहा. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जातं. दिवसा तिथून वर उचलला गेलेला आयनांबराचा (उपग्रहाच्या लहरीला अडथळा करणाऱ्या, वरच्या हवेतल्या विद्युतभारित थराचा) भार उत्तरेला मध्य भारताच्या आभाळात येऊन उतरतो, आणि आपण नेमके त्याच पट्ट्याच्या आसपास आहोत. मार्चमध्ये उन्हामुळे मी संध्याकाळी काम ठेवायला लागलो, तर सूर्य मावळल्यावर फिक्स येऊन येऊन तुटायचं. आधी यंत्रावर राग काढला, दोनदा सर्व्हिसला फोन केले. मग वेळा लिहून ठेवल्या तेव्हा लक्षात आलं. सकाळी साडेसहा ते अकरा हाच माझा वेळ. मे महिन्यात तर पर्यायही नव्हता. पंचेचाळीस अंशांत टॅब्लेट गरम होऊन बंद पडतो. मी त्यावर ओला दुपट्टा ठेवून पाहिला, वीस मिनिटं जास्त मिळाली, तेवढीच.

राळेगावच्या पलीकडे काम घेणाऱ्यांसाठी एक खास सूचना. ७८ अंश रेखांश यवतमाळ जिल्ह्यातून जातो आणि यूटीएमचा (पृथ्वीचे उभे पट्टे पाडून सपाट नकाशा करायच्या पद्धतीचा) ४३ आणि ४४ झोन तिथेच वेगळा होतो. यवतमाळ शहर ४४ मध्ये, नेर ४३ मध्ये. सॉफ्टवेअरला झोन ठरवून द्या, आपोआपवर सोडू नका. शिवाय त्या रेषेजवळ नकाशावरचं अंतर जमिनीवरच्या अंतरापेक्षा किलोमीटरमागे जवळपास ८० सेंटीमीटर जास्त भरतं, कारण गोल पृथ्वी सपाट कागदावर पसरताना कडेला ताणली जाते. लांब पांदण मोजून कोणी टेपने तपासली तर वाद होतो. ग्राउंड डिस्टन्सचा पर्याय चालू करून द्यायचा.

उंचीबद्दल दोनच वाक्यं. रोव्हर जी उंची देतो ती गणिती लंबगोलापासूनची असते आणि आपल्या भागात ती समुद्रसपाटीपासूनच्या उंचीपेक्षा साठेक मीटरने कमी दिसते. शेततळ्याच्या आतल्या उतारासाठी फरक पडत नाही, पण सरकारी प्रस्तावात तो आकडा तसाच लिहू नका.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते. फेब्रुवारीत एका गावी धुऱ्याचं, म्हणजे दोन वावरांमधल्या बांधाचं, काम आलं. दोन शेजारी, दोघेही चांगले, पण अडीच फुटांवरून बोलणं बंद. एकाने मला बोलावलं आणि म्हणाला, “भाऊ, तुमची काठी उपग्रहावरून पाह्यते ना, मग सांगून टाका धुरा कुठं हाय ते.” मी नकाशाची प्रत मागितली. आमच्या भागातले जुने गाव नकाशे सोळा इंचाला एक मैल या मापाचे आहेत, म्हणजे एक इंच बरोबर ३३० फूट. त्या मापात पाव मिलिमीटरची पेन्सिलची रेघ जमिनीवर मीटरभर जाड होते. भांडण अडीच फुटांचं, म्हणजे पाऊण मीटरचं. सगळं भांडण त्या रेघेच्या जाडीच्या आत मावत होतं. रोव्हर दोन सेंटीमीटर नेमका असला म्हणून नकाशा दोन सेंटीमीटर नेमका होत नाही. हे मी दोघांना तिथेच बांधावर बसून कागदावर काढून दाखवलं.

मग शेजाऱ्याचे म्हातारे वडील आले. ते म्हणाले, “गोटा हाय तिथं. त्या पळसाच्या बुडाले. माह्या बापानं दाखवला होता मले.” खणायला लागलो. दीड फुटावर दगड लागला, चुना फासल्याच्या खुणा अजून त्यावर होत्या, पण एका अंगाला पार कललेला. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा देते, आणि साठ-सत्तर वर्षांत दगडाला ढकलत नेते. डोकं आणि बूड यांत वीस सेंटीमीटरचा फरक होता. मी दोन्हीवर काठी ठेवली आणि बुडाचा बिंदू धरला. तिथून तीन गावांच्या शिवा मिळतात त्या दगडापर्यंत मोजलं तर २००.७ मीटर. नकाशावर ते अंतर बरोबर दोन इंच, म्हणजे ६६० फूट, २०१.१७ मीटर. अर्ध्या मीटरच्या आत जुळलं. साखळी ओढून, फलक यंत्रावर कागद लावून, पेन्सिलीने ओढलेला नकाशा. मी बराच वेळ त्या दगडापाशी उभा राहिलो.

त्या दोन दगडांमधली सरळ रेघ काठीने आखली तेव्हा दिसलं की वहीवाटीचा धुरा मधेच वाकलाय. वरच्या अर्ध्यात एकाचा नांगर दुसऱ्याकडे गेलेला, खालच्या अर्ध्यात उलट. दोघे गप्प उभे राहिले. माझा निकाल तिथे चालत नाही, म्हणून मी नकाशा काढून दिला, दगडाचे फोटो आणि आकडे दिले, आणि दोघांनी मिळून हद्द कायम मोजणीचा अर्ज केला. तारीख अजून यायची आहे. पण मार्चमध्ये दोघे एकाच बंडीवर बियाणं आणायला गेले, हे मला तिसऱ्याने सांगितलं.

हिंगणघाटात विल्यम लॅम्ब्टनची कबर आहे. भारताची त्रिकोणांनी मोजणी सुरू करणारा हा इंग्रज सर्व्हेअर. १८०२ मध्ये त्याने मद्रासजवळ शंभर फुटी पोलादी साखळीने साडेसात मैलांची आधाररेषा मोजली, आणि अर्ध्या टनाचा थिओडोलाइट (कोन मोजायचं यंत्र) सोबत घेऊन त्रिकोणामागे त्रिकोण जोडत तो उत्तरेकडे निघाला. १८२३ च्या जानेवारीत, नागपूरच्या वाटेवर, आमच्या गावात त्याचा अंत झाला. ती त्रिकोणांची साखळी ७८ रेखांशाच्या आसपासच चढत गेली होती. ठरावीक अंतरावर तो नवी आधाररेषा जमिनीवर प्रत्यक्ष मोजायचा आणि त्रिकोणांतून गणिताने आलेल्या लांबीशी ताडून पाहायचा. बेसची चूक झाल्यानंतर मी एकदा मुद्दाम त्या कबरीवर जाऊन आलो. विहिरीच्या ओट्यावर तीनदा काठी टेकवण्याची सवय मी तिथूनच घेऊन आलो असं मला मनापासून वाटतं.

घ्यावा का, असं डिप्लोमाची पोरं विचारतात. घ्या. पण टोटल स्टेशन विकू नका, ती माझी चूक झाली. आमराईत, संत्र्याच्या बागेत, गावठाणातल्या भिंतींच्या गल्लीत त्याला पर्याय नाही. चार कामं मी भाड्याच्या यंत्राने केली. काठी वाकडी धरली तरी आकडा दुरुस्त करणारं टिल्ट सेन्सर असलेलंच मॉडेल घ्या, खोल नांगरलेल्या ढेकळांत बायपॉड उभा राहत नाही. कॉर्सची नोंदणी यंत्र यायच्या आधी करून ठेवा. आणि एक फावडं गाडीत ठेवा. माझं आता कायम ठेवलेलं असतं, टेपच्या शेजारी.