"ओरिजिनल" हेडलाइटच्या नादात 8,350 रुपये गेले

लाज वाटतेय लिहायला पण लिहितो, निदान तुमचे तरी वाचतील. माझी जुनी बोलेरो, लाईटच्या काचा पिवळ्या पडलेल्या. ऊस सुरू झाला की अंबड-वडीगोद्री रोडला रात्री मागं लाल दिवा नसलेल्या ट्रॉल्या, पार जवळ गेल्याशिवाय दिसत नाहीत. म्हणून जालन्याला गेलो, हौस म्हणून नाही.

दुकानदार म्हणला, दादा कंपनीचाच माल, शोरूममधी दुप्पट पडंल. हेडलाइटची जोडी 3,800, "120 वॅटचे" एलईडी बल्ब 2,400, फिटिंग 300. झाले 6,500.

इथंच कळायला पाहिजे होतं. खोक्यावरचा होलोग्राम मी सहज नखानं खरवडला तर अख्खा उचलून हातात, नुसता चमकीचा कागद. बॅच नंबर नाही, एमआरपी नाही. आणि मी काय केलं, तर तो अंगठ्यानं दाबून परत चिकटवला! बिल मागितलं तर म्हणे जीएसटी वेगळा लागंल. अरे एमआरपीत सगळे टॅक्स धरलेले असतात, मला माहीत होतं की. पण लेकरं गाडीत रडायलेली, ऊन मरणाचं, तुम्हीबी हो म्हणला असता.

तिसऱ्या रात्रीपासून समोरचा प्रत्येक ट्रकवाला डिपर मारायला लागला, अन मला रस्ता कमी, झाडाचे शेंडेच जास्त दिसायले. गावातला इलेक्ट्रिशियन म्हणला, रिफ्लेक्टर हॅलोजनच्या तारेच्या हिशोबानं बनवलेला असतो, एलईडी त्या जागी बरोबर बसला नाही की उजेड विखुरतो. त्यात फिटरनं कपलर (वायरी जोडायचा प्लग) कापून वायरी नुसत्या पिळून टेप मारलेली, ती वितळली. कपलर कापू देऊ नका, कोणालाच. दुरुस्ती 1,350. वर डोळ्यावर लाईट मारतो म्हणून 500 ची पावती, ती मलाच!

दुकानदार आता ओळखच देत नाही. ठाण्यात गेलो, बिल कुठंय? दुसऱ्या ऑफिसात धाडलं, तिथं साहेब दौऱ्यावर, परत गेलो तर जेवायची सुट्टी, तिसऱ्यांदा म्हणे ऑनलाइन करा. पावती फाडायला मात्र दोघं पोलीस उभे होते! बिल असंल तर ग्राहक हेल्पलाइन 1915 लावा, नसंल तर माझ्यासारखं बसा.

आता साधा 60/55 वॅटचा हॅलोजन टाकलाय, बिल घेऊन. तो होलोग्राम ठाण्यात पुरावा म्हणून दाखवला होता, हवालदार म्हणला, पोराच्या वहीला चिकटवा, छान दिसंल.