आंधळगावची करवती : घ्या, पण काठ उलटा करून बघा

करवती साडी, म्हणजे काठावर करवतीसारखे दाते विणलेली साडी, घ्यायची तर नागपूरच्या झगमगीत दुकानांत हिंडण्यापेक्षा सरळ भंडारा जिल्ह्यातलं आंधळगाव गाठावं, असं माझं मत. मी जिथे घेतली ते दुकान म्हणजे विणकराच्या घराची पुढची खोली. एसी नाही, मोठा आरसा नाही. आतून मागाची खटखट तेवढी ऐकू येते.

साडीचं अंग कोशाचं, म्हणजे टसरचं, आणि काठ सुती. ऐन-अर्जुनाच्या झाडांवर वाढणाऱ्या अळीचं हे रेशीम. तुतीच्या रेशमाचा गुळगुळीतपणा त्यात नाही. मधाळ रंगाचा धागा मध्येच जाड, मध्येच बारीक लागतो हाताला. मैत्रीण म्हणाली, "नवी असून जुनीच दिसते गं." दिसू दे! लग्नाच्या हॉलमधल्या चकचकाटात हीच उठून दिसते.

खरी करामत काठाच्या दात्यांत आहे. विणताना तीन धोटे (आडवा धागा इकडून तिकडे नेणारे) चालतात, दोन काठांचे दोन आणि अंगाचा एक. काठाचा धागा आणि अंगाचा धागा एकमेकांत अडकून मागे वळतात. ही अडकायची जागा थोडी थोडी पुढेमागे सरकवत गेलं की करवतीचे दाते तयार होतात. विणकर काकांनी मी काही विचारायच्या आत काठ उलटा केला. "ताई, मागून बघा ना. दाते दोन्हीकडून सारखेच पाहिजेत. छापलेले असले की मागं फिके पडतात." मी नखाने खरवडूनही पाहिलं. सुटा धागा नाही, गाठ नाही.

आता कुरबुरी. ट्यूबलाइटखाली रंग भलताच दिसतो, साडी दारात नेऊन बघा. ब्लाउजपीस तोकडा, लांब बाह्या विसरा. बिल मागितल्यावरच मिळालं आणि सिल्क मार्कचं, म्हणजे अस्सल रेशमाची खात्री देणारं लेबल प्रत्येक साडीवर नव्हतं, ते मागून घ्यावं. साडी घरी धुवायची नाही. सुती काठ आक्रसला की अंगाला चुण्या पडतात, म्हणून ड्रायक्लीनच.

साडेनऊ हजार दिले. दोनशे रुपये सोडायला काका तयार होते, पण आतला माग बघून आल्यावर माझीच जीभ रेटली नाही. काळ्या काठाची हवी होती, ती तेव्हा मागावर होती. कपाटात फार माल नसतो, त्यामुळे जायच्या आधी फोन करून रंग विचारून घ्या.