म्युनिक की ॲम्स्टलवेन: हातात दोन ऑफर, मुलगी आठ वर्षांची

मावसभावाला दोन ऑफर आल्यात, एक म्युनिकची, दुसरी ॲम्स्टरडॅमची. बायको सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये, मुलगी पुण्यात तिसरीत. "ताई, तू दोन्हीकडे राहिलीयेस, सांग," म्हणाला आणि एक एक्सेल पाठवलं. पगार, कर, भाडं, विमानाचं तिकीट असे अकरा रकाने. मुलीच्या वयाचा रकाना कुठेच नव्हता. माझ्या मते तो पहिला हवा होता.

आमची म्युनिकमध्ये चार वर्षं गेली आणि आता तीन वर्षं ॲम्स्टरडॅमला खेटून असलेल्या ॲम्स्टलवेनमध्ये आहोत. इथे मराठी, तमिळ, तेलुगू इतकं कानावर पडतं की ट्राममध्ये जपूनच बोलावं लागतं.

आधी घर. म्युनिकमध्ये भाड्याचं घर रिकामं म्हणजे स्वयंपाकघरही रिकामं. आम्हाला किल्ली मिळाली तेव्हा आत भिंतीतून आलेले दोन नळाचे पाइप, एक वायर आणि आधीच्या सिंकचा फिकट चौकोन एवढंच होतं. ओटा, सिंक, शेगडी जुना भाडेकरू घेऊन गेलेला. (कधी तो तेच सामान आपल्याला विकतो, त्याला आब्लोझे म्हणतात, किंमत पटली तर घेऊन टाका.) पाच आठवडे इंडक्शनवर पोहे-खिचडी आणि भांडी बाथटबमध्ये. इकडे उलट. स्वयंपाकघर असतं, पण जाहिरातीत 'काल' (kaal, डचमध्ये 'बोडकं') लिहिलं असेल तर फरशीच नसते. खाली नुसतं सिमेंट, कारण जुन्या भाडेकरूने लॅमिनेट उचलून नेलेलं असतं. डिपॉझिट जर्मनीत जास्तीत जास्त तीन महिन्यांचं मूळ भाडं, नेदरलँड्समध्ये दोन महिन्यांचं. घर मिळणं दोन्हीकडे सारखंच जिकिरीचं. म्युनिकचा घरमालक शूफा, म्हणजे आपल्या सिबिलसारखा पतदाखला, मागतो आणि नुकत्याच आलेल्या माणसाची शूफात नोंदच नसते. म्हणून पहिले दोन-तीन महिने कंपनीकडून घर मागून घ्या आणि त्या पत्त्यावर नोंदणी करता येईल ना, हे आधीच विचारा. नोंदणी नाही तर पुढचं काहीच हलत नाही.

नोंदणीत नेदरलँड्स सरळ जिंकतं. ॲम्स्टरडॅम परिसरात परदेशी नोकरदारांसाठी वेगळं केंद्र आहे. परवाना आणि बीएसएन, म्हणजे आपल्या आधारसारखा नागरिक नंबर, बहुतेकदा एकाच फेरीत होतो, आणि समोरचा माणूस इंग्रजीत बोलतो. जन्माचे आणि लग्नाचे दाखले मात्र भारतातूनच अपोस्टील (परदेशात चालणारं सरकारी प्रमाणीकरण) करून आणा. जर्मनीत कायद्याने राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नोंदणी करायची असते, पण अपॉइंटमेंट मिळेल तेव्हा खरी. मग पत्रपेटी भरू लागते. टॅक्स नंबर पोस्टाने, विमा पोस्टाने, आणि घरात टीव्ही नसला तरी महिना १८.३६ युरो सरकारी प्रसारणाची वर्गणी भरा म्हणून पत्र. सगळं जर्मनमध्ये. मी पहिलं वर्षभर प्रत्येक पत्र मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरून वाचलं.

पण त्या पत्रांनीच मला जर्मन शिकवलं. सहा महिन्यांत मी बेकरीत, दीड वर्षात पालकसभेत बोलायला लागले. इथे तीन वर्षं झाली आणि माझं डच अजून दुकानातल्या 'दान्क यू वेल'च्या, म्हणजे 'धन्यवाद'च्या, पुढे गेलेलं नाही. तोंड उघडलं की समोरचा इंग्रजीवर येतो. पहिल्या महिन्यात हे वरदान वाटतं, तिसऱ्या वर्षी कळतं की आपण अजून उंबऱ्यावरच आहोत.

डॉक्टरचं थोडक्यात. जर्मनीत सरकारी विम्यात न कमावणारा जोडीदार आणि मुलं फुकट येतात, बालरोगतज्ज्ञाकडे थेट जाता येतं. इतर तज्ज्ञांसाठी थांबावं लागतं. इकडे प्रत्येक प्रौढाचा वेगळा हप्ता, मुलं १८ वर्षांपर्यंत फुकट, आणि वर्षाला पहिले ३८५ युरो आपल्या खिशातून. फॅमिली डॉक्टरची भेट त्यात धरत नाहीत, पण त्याच्या चिठ्ठीशिवाय पुढे कुठे जाता येत नाही आणि तो आधी पॅरासिटामॉल देतो. आपल्याकडच्या 'इंजेक्शन देऊन टाका' सवयीला हे झेपत नाही. हळूहळू झेपतं.

आता शाळा. बव्हेरियात, म्हणजे म्युनिकच्या राज्यात, प्राथमिक शाळा चौथीपर्यंतच. चौथीच्या मे महिन्यात जर्मन, गणित आणि आपल्या परिसर अभ्यासासारखा एक विषय, या तिन्हींची सरासरी काढून प्रगतिपुस्तक हातात देतात. तिथे १ सर्वोत्तम, ६ सर्वांत वाईट. सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली असेल तर गिम्नाझिउम (विद्यापीठाकडे नेणारी शाळा), २.६६पर्यंत रेआलशूले (मधली), नाहीतर मिटेलशूले (कामधंद्याकडे नेणारी). भाची सप्टेंबरमध्ये तिसरीत बसली तर वीस महिन्यांत, दहाव्या वर्षी, तिला परक्या भाषेत ही चाळणी पार करायची. उशिरा आलेल्या परभाषिक मुलांना थोडी सवलत असते, पुढे रूळ बदलायच्या वाटाही आहेत. पण म्युनिकमध्ये आमच्या समोरच्या घरातलं मुलाचं चौथीचं वर्ष मी पाहिलंय. फ्रिजवर चाचण्यांचा कागद, शाईने लिहिलेले गुण आणि त्याखाली आईने पेन्सिलने मांडलेली सरासरी. प्रत्येक चाचणीनंतर पुन्हा खोडलेली. ती माणसं तर जन्माने जर्मन.

नेदरलँड्समध्येही चाळणी आहे, फक्त ती बाराव्या वर्षाच्या आसपास लागते. नवीन आलेलं मूल आधी साधारण वर्षभर भाषेच्या वेगळ्या वर्गात बसतं, मग नेहमीच्या शाळेत जातं. आठ वर्षांच्या मुलीला वीस महिन्यांऐवजी जवळपास चार वर्षं मिळतात. एक्सेलमधल्या कुठल्याच आकड्याने हा फरक भरून निघत नाही.

दोन्हीकडे एक सारखं: शाळा चालू असताना लग्नाकार्यासाठी मुलांना शाळेच्या परवानगीशिवाय भारतात नेता येत नाही, दंड होऊ शकतो. यात मात्र बव्हेरिया नशीबवान. तिथली उन्हाळी सुट्टी सप्टेंबरच्या मध्यापर्यंत चालते, त्यामुळे गणपती बहुधा सुट्टीत येतात. इथली सहा आठवड्यांची सुट्टी लवकर संपते आणि आम्ही आरती व्हिडिओ कॉलवर करतो.

पैशांचं मावसभावाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. तरी एक सांगते. नेदरलँड्सच्या ऑफरमध्ये जो हातात येणारा पगार दाखवलाय त्यात परदेशातून बोलावलेल्यांची करसवलत धरलेली असणार: पगाराच्या ३० टक्क्यांपर्यंत रक्कम करमुक्त, २०२७पासून २७ टक्के, आणि जास्तीत जास्त पाच वर्षं. सहाव्या वर्षीचा पगार काढून बघ आणि मग गृहकर्जाचं बोल. याच सवलतीमुळे भारतीय लायसन्स परीक्षा न देता बदलून मिळतं. माझं पुण्याचं लायसन्स म्युनिकमध्ये सहा महिन्यांनी कागद झालं होतं, इथे आल्यावर जिवंत झालं.

कायमचं राहण्यात जर्मनी पुढे. ब्लू कार्डवर (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा परवाना) बी-वन, म्हणजे मध्यम, पातळीचं जर्मन असेल तर २१ महिन्यांत कायमचा परवाना, इथे पाच वर्षं आणि डचची परीक्षा. पण जोडीदाराला नोकरीची मुभा दोन्हीकडे असली तरी निव्वळ इंग्रजीवर ती मिळण्याची शक्यता इकडे बरीच जास्त. मी म्युनिकमध्ये चार वर्षं घरी होते, इथे पाचव्या महिन्यात कामाला लागले.

मूल तीन वर्षांचं असतं, किंवा नसतंच, तर मी म्युनिक म्हटलं असतं आणि मराठीतून भांडायची सवय सोडून जर्मनमधून भांडायला शिक म्हणून सांगितलं असतं. आठ वर्षांच्या मुलीसह, बायकोची नोकरी टिकवायची असेल तर ॲम्स्टलवेन. पगार इथे थोडा कमी असला तरी.

काल त्याच्या बायकोचा फोन आला. तिचे प्रश्न वेगळेच होते. कोथिंबीर? म्युनिकमध्ये तुर्की दुकानात, इथे भारतीय दुकानात, आणि सुरिनामी दुकानात गवार-कारलीही. श्रीखंड? जर्मनीत क्वार्क, म्हणजे तिथलं दाट दह्यासारखं मऊ चीज, टांगून करा. इथे दही फडक्यात टांगायची डच लोकांची स्वतःची जुनी पद्धत आहे, 'हांगऑप' म्हणतात, आपला चक्काच तो. मिक्सर? दोन्हीकडे चालतो, २३० व्होल्टच आहे, फक्त पिनेला ॲडॉप्टर लावा. म्युनिकला गेलात तर रविवारी मिक्सरवर चटणी वाटू नका, तिथे रविवारी शांतता पाळतात. आमच्या खालच्या आजी दुसऱ्याच रविवारी दारात उभ्या होत्या.